अमेरिकेतली सरकारी शाळा आणि आपण बाहेरून आलेले: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या ग्रुपवर आणि पर्सनल मेसेजमध्ये दर ऑगस्टला तेच प्रश्न येतात, आणि २०२५ च्या जानेवारीपासून तर वर्षभर येतायत. म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. हा वकिली सल्ला नाही. मी पालक आहे, आणि नवीन आलेल्या लोकांबरोबर रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात बसायची सवय झालीय एवढंच. नियम राज्यागणिक आणि कधीकधी डिस्ट्रिक्टागणिक (म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार बघणारा स्थानिक विभाग) बदलतात, तेव्हा जिथे "राज्यानुसार" लिहिलंय तिथे आपल्या डिस्ट्रिक्टची साइट उघडून बघाच.

१. आम्ही एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्यावर येणाऱ्या बायको-मुलांचा) वर नुकतेच आलोय. मुलीला सरकारी शाळेत घेतील का? फी किती?

घेतील, आणि फी शून्य. किंडरगार्टन ते बारावी सरकारी शाळा फुकट आहे. तुमचा पत्ता ज्या हद्दीत येतो ती शाळा तुमची, त्यामुळे अपार्टमेंट घेण्याआधीच पत्ता टाकून शाळा कोणती येते ते बघा, कॉम्प्लेक्सच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असंही असतं. इयत्ता बहुतेक वयावरून ठरते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात किंडरगार्टनला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात, न्यू जर्सीत तारीख डिस्ट्रिक्टवर आहे. भारतात सीनियर केजी झालंय म्हणून थेट पहिलीत घ्या असा हट्ट करणारे पुष्कळ भेटतात, शाळा सहसा ऐकत नाही आणि माझ्या मते बरंच करते.

२. रजिस्ट्रेशनला व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर द्यायचा का?

शाळेला तुमच्या मुलाचं वय आणि तुमचा पत्ता कळायला हवा, बस. इमिग्रेशन स्टेटस हा प्रवेशाचा निकषच नाही. सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर तो ऐच्छिक आहे हे शाळेनेच सांगायला हवं, आणि नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. एच-४ वरच्या मुलांना तो नसतोच, रकाना मोकळा सोडा.

वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचं फोटोचं पान चालतं, पण तो एकच पुरावा नाही, जन्मदाखलाही चालतो. आपल्या लोकांची खोड अशी की क्लार्कने काही मागायच्या आधीच आय-७९७ (व्हिसा मंजुरीची नोटीस) पासून सगळी फाइल टेबलावर मांडायची. एवढं कशाला? मागितलं तेवढंच द्या. आणि व्हिसाच बघायचाय म्हणून कोणी अडूनच बसलं तर वाद घालू नका, "हे कुठल्या पॉलिसीत लिहिलंय ते ईमेलवर कळवाल का" असं विचारा. तो ईमेल क्वचितच येतो आणि रजिस्ट्रेशन होऊन जातं.

३. म्हणजे ज्यांच्याकडे कागदपत्रंच नाहीत त्यांच्या मुलांनाही हाच नियम?

हो, अगदी हाच. किंबहुना नियम आला तोच त्यांच्यामुळे. १९७५ साली टेक्सासने कायदा केला की बेकायदा राहणाऱ्या मुलांसाठी राज्य पैसे देणार नाही आणि डिस्ट्रिक्टला वाटलं तर त्यांना प्रवेश नाकारता येईल. टायलर नावाच्या गावातल्या डिस्ट्रिक्टने मग अशा मुलांना वर्षाला १००० डॉलर फी लावली. तिथे राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांना ती परवडणं शक्यच नव्हतं. काही कुटुंबं कोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १५ जून १९८२ ला प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की असं करता येणार नाही. आधार चौदाव्या घटनादुरुस्तीचा, ती "नागरिक" म्हणत नाही, राज्याच्या हद्दीतली "कोणतीही व्यक्ती" म्हणते. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकाल लिहिला, आणि त्यातला मुख्य मुद्दा असा की आईबापांनी सीमा कशी ओलांडली याची शिक्षा पोरांना देता येत नाही.

"आपण लीगल आहोत, आपल्याला काय त्याचं" असं म्हणणाऱ्यांसाठी: आज तुमच्या मुलीचा व्हिसा शाळेत कोणी बघत नाही, एक्स्टेंशन अडकलं किंवा स्टेटस मध्येच लोंबकळलं तरी तिची शाळा सुटत नाही, ते याच निकालामुळे.

४. आणि तो निकाल फिरवला तर? बातम्यांत सारखं येतंय.

प्रयत्न जुनेच आहेत. कॅलिफोर्नियात १९९४ ला कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा बंद करणारं प्रपोझिशन १८७ मतदारांनी मंजूर केलं, कोर्टाने ते अडवलं. अलाबामाने २०११ मध्ये शाळांना मुलांचं स्टेटस तपासायला लावलं, तर लॅटिनो मुलं भराभर शाळेत यायची बंद झाली, वैध कागदपत्रं असलेलीसुद्धा. पुढे अपील कोर्टाने ते कलम थांबवलं. २०२५ मध्ये टेनेसीच्या सेनेटने शाळांना स्टेटस विचारून फी लावू देणारं बिल पास केलं, पण त्या वर्षी ते दुसऱ्या सभागृहात अडलं. रोख उघड आहे, खटला परत सुप्रीम कोर्टात न्यायचा. पण कुठल्या राज्यात बिल मांडलं एवढ्यावरून निकाल बदलत नाही. व्हॉट्सॲपवर "आता शाळेत ग्रीन कार्ड लागणार" असं आलं की आधी तो कायदा आहे, बिल आहे की नुसतं कोणाचं भाषण आहे ते बघा.

५. मग कागदपत्रं नक्की कुठली न्यायची?

वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, लसींची नोंद आणि जुन्या शाळेचे कागद. परदेशातला जन्मदाखला आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झालेली, तिथे पासपोर्ट जोडा. पत्त्यासाठी लीज आणि लाइट किंवा गॅसचं बिल. लीज दुसऱ्याच्या नावावर असेल तर घरमालकाचं किंवा मूळ भाडेकरूचं नोटराइज केलेलं पत्र बहुतेक डिस्ट्रिक्ट घेतात. शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या मार्कशीट आणा, मराठी माध्यमाच्या असतील तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. नववीच्या पुढच्या मुलांना हे फार महत्त्वाचं, कारण हायस्कूलचे क्रेडिट त्यावरून धरतात. दाखला मिळायला वेळ लागतोय म्हणून लहान मुलाला घरी बसवू नका, रजिस्ट्रेशन करा आणि कागद नंतर देतो म्हणून सांगा. घरच नसेल तर प्र. १४.

६. लसी भारतात सगळ्या झाल्यात, तरी नर्स म्हणते अपूर्ण. असं कसं?

यात नर्सची चूक नसते. आपल्याकडे गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिन्यांना देतात, आणि इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस धरत नाहीत. सरकारी दवाखान्यात एमआर मिळते, त्यात गालगुंडाची लस नसते, इथे एमएमआर लागते. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीच, खासगी डॉक्टरकडे पैसे देऊन घेतली असेल तर आहे, नाहीतर इथे घ्यावी लागते.

आणि तारखा! फाइलमध्ये डॉक्टरांनी ०५/०७ लिहिलंय ते आपलं ५ जुलै, इथली नर्स वाचते ७ मे. एवढ्याने डोस वर्षाच्या आतला ठरू शकतो. निघायच्या आधी डॉक्टरांकडून लसींची यादी इंग्रजीत टाइप करून, महिन्याचं नाव अक्षरांत घालून, सही-शिक्क्यासकट घ्या. त्या फाइलमधली स्टिकरं आणि गिचमिड अक्षर आपल्यालाच लागत नाही, तिला काय लागणार.

टीबीची टेस्ट काही डिस्ट्रिक्ट मागतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची टेस्ट पॉझिटिव्ह दिसू शकते, घाबरू नका, रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही, डॉक्टरकडे ती मागा.

७. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली तर मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी नवीन असलेल्यांच्या जादा तासांना) टाकतात म्हणे. इंग्लिश लिहून टाकू का?

नका. खरं लिहा. घरच्या भाषेचा फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागतो, इंग्लिशशिवाय दुसरी भाषा आली की मुलाची चाचणी होते. न्यू जर्सी, इलिनॉय, जॉर्जिया अशा बऱ्याच राज्यांत ती विडा नावाची असते, कॅलिफोर्नियात एल्पॅक. मुलाला इंग्रजी येत असेल तर तो पास होतो आणि विषय संपतो. गडबड होते ती लहान मुलांची. घरी अखंड बडबड करणारं पोरगं अनोळखी बाईसमोर तोंडच उघडत नाही, आणि बाईंनी गप्प बसण्याला किती मार्क द्यावेत? आदल्या दिवशी त्याला एवढंच सांगून ठेवा की उद्या एक टीचर गप्पा मारणार आहेत, जे येईल ते बोल.

या मदतीमागेही कोर्टाचा निकाल आहे. १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांबद्दल सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. तेव्हा ईएसएल हा कमीपणाचा शिक्का नाही, हक्काची जास्तीची शिकवणी आहे. बाहेर लोक यासाठी तासाला साठ डॉलर मोजतात.

८. चाचणी झाली, शिक्का बसला. ईएसएल नको असेल तर?

लेखी नाही म्हणता येतं. शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला पत्र द्यायचं असतं, मध्येच आलेल्यांना दोन आठवड्यांत, आणि त्या पत्रात नकार द्यायचा हक्क लिहिलेला असतो. पण नाही म्हटलं तरी दरवर्षीची चाचणी सुटत नाही, ती पास होईपर्यंत द्यावीच लागते. म्हणजे तास गेले आणि परीक्षा राहिली. मी तरी वर्षभर ठेवा म्हणेन. ईएसएलमध्ये आहे म्हणून गिफ्टेड किंवा ॲडव्हान्स्ड मॅथला घेत नाही असं कोणी तोंडी सांगितलं तर मात्र ऐकून घेऊ नका, नुसत्या त्या कारणावरून मुलाला बाहेर ठेवता येत नाही.

९. मला इंग्रजी नीट येत नाही. पेरेंट-टीचर मीटिंगला काय करू?

दुभाषी मागा. तो शाळेने द्यायचा, फुकट. मराठीचा माणूस समोर नसला तरी फोनवर मिळतो, मात्र आठवडाभर आधी ईमेल करा आणि "मराठी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीवाला जोडून देतात. मुलालाच मध्ये बसवून बोलू नये. स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर कुठलं पोर इमानदारीत करेल? १ मार्च २०२५ ला इंग्रजी ही अधिकृत भाषा म्हणून आदेश निघाला, तेव्हापासून काही ऑफिसं हात वर करायला लागलीत, पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातला राष्ट्रीय मूळावरून भेदभाव न करण्याचा भाग तसाच लागू आहे, तो अशा आदेशाने जात नाही.

नवऱ्याला येतं की इंग्रजी, मग बायकोला कशाला हवाय दुभाषी, हा प्रश्नही येतो. आईला शाळेशी स्वतः बोलायचं असतं म्हणून.

१०. मुलगा बोलायला उशीर करतोय, शिक्षक म्हणतात तपासणी करू. नोंद झाली तर व्हिसाला त्रास होईल का?

नाही होणार. शाळेतली तपासणी, थेरपी आणि आयईपी (मुलाच्या गरजेप्रमाणे आखलेली लेखी शिक्षण योजना) हे शिक्षण आहे, कल्याण योजना नाही, आणि स्टेटस काहीही असो तीन ते एकवीस वर्षांपर्यंत हा हक्क आहे. तीनच्या आतल्या बाळांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन वेगळं. तुम्ही संमतीची सही केलीत की केंद्रीय नियमाने ६० दिवसांत तपासणी पूर्ण व्हायला हवी, काही राज्यांची मुदत वेगळी आहे. मागणी लेखी करा, कारण तोंडी बोलण्याला तारीख नसते.

दोन्ही बाजूंनी घोटाळे होतात. कधी मूल फक्त इंग्रजीला नवीन असतं आणि त्याला डिसॅबिलिटी ठरवतात, तर कायदा सांगतो की नुसतं इंग्रजी येत नाही या कारणावरून तसं ठरवता येत नाही आणि शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी. कधी उलट, "दोन भाषा आहेत ना, येईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवतात. पोरगं मराठीतही बोलत नसेल तर थांबू नका, आणि शाळेला तेच सांगा, की मराठीतही बोलत नाही. आयईपीच्या मीटिंगला दुभाषी मिळतो, प्र. ९. आणि मराठी बंद करून घरी फक्त इंग्रजी बोला असा सल्ला कोणी दिला तर दुसरा थेरपिस्ट बघा, हे माझं मत.

११. फ्री लंचचा फॉर्म भरला तर ग्रीन कार्डला अडचण येते का?

शाळेचं जेवण पब्लिक चार्जमध्ये (हा माणूस सरकारवर भार होईल का, ही ग्रीन कार्डच्या वेळची तपासणी) धरलेलं नाही, २०१९ च्या कडक नियमातही नव्हतं आणि २०२२ च्या नियमातही नाही. फॉर्मवर स्टेटस विचारत नाहीत. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे विचारतात, नसेल तर "नाही" ची खूण करायची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत तर सगळ्यांनाच फुकट आहे. इमिग्रेशनचे नियम सध्या फार हलतायत, तुमची केस चालू असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या, पण ऐकीव गोष्टीवरून पोराचं जेवण तोडू नका.

१२. शाळा आमची माहिती इमिग्रेशनला देते का? कोणी आलंच तर आत सोडतात का?

माहितीचं आधी. १९७४ च्या फर्पा कायद्याने मुलाचं रेकॉर्ड पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाही, कोर्टाचा हुकूम किंवा समन्स असे काही अपवाद सोडून. पण एक फट आहे. "डिरेक्टरी इन्फर्मेशन" नावाखाली शाळा नाव, पत्ता, फोन इतकंच काय जन्मस्थळसुद्धा संमती न घेता देऊ शकते, तुम्ही लेखी नाही म्हटलं नसेल तर. तो नकाराचा कागद वर्षाच्या सुरुवातीला पन्नास फॉर्मच्या गठ्ठ्यात येतो आणि आपण न वाचता पुढे जातो. शोधा आणि भरा. हायस्कूलमध्ये लष्कराच्या भरतीवाल्यांना नाव-फोन जातो, तो थांबवायची खूणही सहसा तिथेच असते. तुमच्या मुलाचं रेकॉर्ड तुम्ही मागितलंत तर ४५ दिवसांत बघू द्यावं लागतं.

आता दुसरा भाग. शाळा, दवाखाने, देवळं अशा जागी आयसीईने (इमिग्रेशनची धरपकड करणारी केंद्राची यंत्रणा) शक्यतो कारवाई टाळायची असं धोरण २०११ पासून होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं. पण राज्यघटना मागे घेतलेली नाही. वर्गासारख्या खासगी भागात शिरायला न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट लागतं. आय-२०० (इमिग्रेशनचं स्वतःचं अटक वॉरंट) वगैरे कागदांवर सही असते ती इमिग्रेशनच्याच अधिकाऱ्याची, आणि त्या कागदावर शाळेला दार उघडावं लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये हे कायद्यातच घातलं. बाकी ठिकाणी डिस्ट्रिक्टची पॉलिसी असते, सहसा अशी की फ्रंट ऑफिसने काही ठरवायचं नाही, सुपरिंटेंडंटला आणि वकिलाला फोन करायचा. ती पॉलिसी बोर्डाच्या मीटिंगमध्ये विचारा. शाळेबाहेरचा रस्ता आणि बस स्टॉप मात्र सार्वजनिक जागा, तिथे शाळेचं काही चालत नाही.

१३. आम्हा दोघांनाही अचानक जाता आलं नाही तर मूल कोणाच्या ताब्यात देतात?

इमर्जन्सी कार्डवर ज्यांची नावं आहेत त्यांच्या. बऱ्याच घरांत त्या कार्डावर आईबाबांचीच नावं दोनदा असतात. जवळ राहणारी, गाडी चालवणारी, दुपारी फोन उचलणारी दोन माणसं घाला. ॲक्सिडेंट असो की अटक, कार्ड हेच. मूल जास्त दिवस कोणाकडे राहणार असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी किंवा राज्याचा केअरगिव्हरचा फॉर्म आधीच करून ठेवा. आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आलेत तर तेही कार्डावर चालतात, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट न्यायला सांगा.

१४. ले-ऑफ झाला, घर सोडलं, मित्राच्या बेसमेंटमध्ये राहतोय. लीज नाही. शाळा सुटेल का?

नाही. हे फार कमी लोकांना माहितीये. पैशाच्या अडचणीने दुसऱ्याच्या घरी राहावं लागणं हे १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात बसतं. मग पत्त्याचा पुरावा, लसी, जुने कागद नसले तरी प्रवेश ताबडतोब द्यावा लागतो. मूल आधीच्याच शाळेत राहू शकतं, गाव बदललं तरी, आणि जाण्यायेण्याची सोयसुद्धा डिस्ट्रिक्टकडे मागता येते. प्रत्येक डिस्ट्रिक्टला यासाठी एक लिएझन असतो, त्यालाच ईमेल करा. "होमलेस" शब्द ऐकून आपले लोक लाजतात आणि गप्प बसतात. एच-१बी वाल्याला नवीन नोकरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात, त्यात पोरांची शाळा तरी जागेवर राहू दे की.

१५. भाच्याला सांगलीहून इथे आणून आमच्या पत्त्यावर शाळेत घालायचंय. जमेल?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण शाळा विचारत नाही (प्र. २) म्हणजे चालतंय असं वाटतं. शाळेचा नियम वेगळा आणि व्हिसाचा वेगळा. व्हिजिटर व्हिसावर नियमित शाळा शिकायला परवानगी नाही. शाळेने घेतलं तरी स्टेटस मोडल्याची नोंद पोराच्या नावावर राहते आणि पुढच्या व्हिसाला घोडं अडतं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर सरकारी शाळेत फक्त नववी ते बारावी, एकूण जास्तीत जास्त १२ महिने, आणि डिस्ट्रिक्टला एका मुलामागे येणारा पूर्ण खर्च आधी भरायचा. आठवीपर्यंत एफ-१ वर सरकारी शाळा नाहीच. हा नियम मोडला तर पाच वर्षं देशाबाहेर काढावी लागू शकतात. खासगी शाळेत एफ-१ चालतो, पैसे मोजायची तयारी ठेवा.

एच-४, एल-२, एफ-२ वर आईबाबांबरोबर आलेल्या मुलांना यातलं काही लागू नाही. भाचा आधीच दुसऱ्या कुठल्या स्टेटसवर इथे असेल आणि आईबाप सोबत नसतील तर शाळा गार्डियनशिप किंवा शपथपत्र मागेल, "चांगल्या शाळेसाठी पत्ता वापरतोय" असं दिसलं तर नाकारू शकते.

१६. मुलाला डब्यावरून, नावावरून, "परत जा" म्हणून चिडवतात. शाळा म्हणते मुलंच आहेत, होतं असं.

वंश किंवा राष्ट्रीय मूळावरून छळ होतोय हे कळल्यावर शाळेला हात झटकता येत नाहीत. तारीख, जागा, शब्द, कोण होतं, असं लिहून प्रिन्सिपलला ईमेल करा, शिक्षकाला गेटवर सांगितलेलं कुठेच राहत नाही. ईमेलात "राष्ट्रीय मूळावरून छळ" हे शब्द असू द्या, नुसतं "बुलिंग" नको. उत्तर नाही तर डिस्ट्रिक्ट, मग राज्याचा शिक्षण विभाग, आणि केंद्राचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, तिथे १८० दिवसांच्या आत तक्रार करायची असते. २०२५ मध्ये त्या ऑफिसच्या बारापैकी सात प्रादेशिक शाखा बंद केल्या, तेव्हा तिथून झटपट काही होईल ही आशा नको, राज्याचा रस्ता आधी धरा. तक्रार केली म्हणून मुलावर डूख धरायलाही कायद्याने मनाई आहे, तेही लेखी कळवता येतं.

१७. डिसेंबरात दोन महिने भारतात जायचंय. नाव कापतात का?

कापू शकतात. सलग किती दिवस गैरहजर राहिल्यावर नाव काढायचं ते राज्यानुसार, काही ठिकाणी दहाच दिवस. काढलं तर परत प्रवेश मिळतो, पण त्याच शाळेत जागा असेलच असं नाही. आधी लेखी कळवा, कॅलिफोर्नियात असाल तर इंडिपेंडंट स्टडीबद्दल विचारा. दिवाळीची एक दिवसाची रजा हा वेगळा विषय, न्यूयॉर्क शहरात आता सुट्टीच असते आणि न्यू जर्सीत धार्मिक रजा म्हणून माफ होते, पत्र मात्र आदल्या दिवशी द्या.

१८. बारावीनंतरही हे सगळं लागू राहतं का?

नाही. प्लायलरचा निकाल बारावीपर्यंतच. कॉलेजला स्टेटस विचारतात, एच-४ च्या मुलाला केंद्राची फाफ्सावाली (फाफ्सा म्हणजे कॉलेजच्या मदतीचा अर्ज) मदत मिळत नाही, राज्याची इन-स्टेट फी मिळेल की नाही हे राज्यानुसार आणि दरवर्षी तपासायचं. एकवीस पूर्ण झाले की एच-४ संपतो, त्यामुळे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी मूल नववीत गेलं की वकिलाकडे एक चक्कर मारा, अकरावीत फार उशीर झालेला असतो.